दोन ट्रान्झिस्टरचं लुकलुक सर्किट: किट आणलंत, पण लगेच सोल्डर करू नका

दिवाळीच्या सुट्टीत भाची आली होती, आठवीतली, आणि तिला आकाशकंदिलात लुकलुकणारे दिवे स्वतः बनवून लावायचे होते, बाजारातली तयार माळ नको. म्हणून आम्ही पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या बाजूला गेलो आणि दोन एलईडीचं किट घेऊन आलो. मुंबईकर हेच लॅमिंग्टन रोडला घेतील, आणि गावाकडे असाल तर ऑनलाइन मिळतंच. किंमत म्हणाल तर दोन वडापाव आणि चहाच्या हिशोबात बसते.

घरी आल्या आल्या तिने पहिलं काय केलं असेल तर सोल्डरिंग आयर्नचा, म्हणजे पार्ट झाळायच्या तापत्या सळईचा, प्लग शोधला. तिथेच मी थांबवलं, कारण माझी स्वतःची पहिली तीन किटं अशीच थेट पीसीबीवर (तांब्याच्या वाटा छापलेल्या पाटीवर) झाळून वाया गेलेली आहेत. पीसीबीवर नंबर छापलेले असतात, आपण नंबर बघून पार्ट टोचत जातो, एलईडी लुकलुकले तर टाळ्या आणि नाही लुकलुकले तर कळतच नाही का ते. म्हणून माझी पद्धत अशी की आधी ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता पार्ट टोचता येतात त्या भोकाभोकांच्या पाटीवर, लावायचं, खेळायचं, मुद्दाम बिघडवायचं आणि मग सोल्डर. दोन तास जास्त जातात, जाऊ द्या.

पाकिटात काय असतं

किटं बरीच प्रकारची असतात, त्यातलं मी इथे दोन ट्रान्झिस्टरवालं घेतोय. ५५५ टायमरवालं पण मिळतं आणि ते लावायला सोपं आहे, पण त्यात सगळी गंमत त्या काळ्या आयसीच्या (तयार चिपच्या) पोटात होते, आपल्याला बाहेरून काही दिसत नाही. दोन ट्रान्झिस्टरवाल्यात सगळं उघड्यावर आहे. हे सर्किट तर ट्रान्झिस्टरच्याही आधीचं आहे, पहिल्या महायुद्धाच्या काळात आब्राम आणि ब्लॉक नावाच्या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या) वापरून केलेलं आणि १९१९ मध्ये छापलेलं. नाव ‘अस्टेबल मल्टिव्हायब्रेटर’. नाव विसरलात तरी चालेल.

आमच्या पाकिटात होतं ते असं: दोन ट्रान्झिस्टर, दोन लाल एलईडी, १ के चे (के म्हणजे हजार ओहम) दोन रेझिस्टर, म्हणजे करंट अडवणारे पार्ट, १० के चे दोन रेझिस्टर, ४७ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, म्हणजे चार्ज साठवणारे पार्ट, ९ व्होल्ट बॅटरीची टोपी आणि छोटी पीसीबी. तुमच्या किटात १ के च्या जागी ४७० ओहम असेल, कपॅसिटर १० किंवा १०० चा असेल, काही बिघडत नाही, वेग आणि उजेड बदलेल एवढंच. वेगळं घ्यायचं म्हणजे ब्रेडबोर्ड, थोड्या जंपर वायरी, बॅटरी आणि साधा डिजिटल मल्टिमीटर. मीटर नसेल तर घ्याच, पुढे खरी मजा त्याच्यातच आहे. आणि दुकानात उभेच आहात तर ४७० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचे दोन कपॅसिटर आणि ४७ के चा एक रेझिस्टर पण मागून घ्या, पाच-दहा रुपयांत येतात.

पार्ट ओळखणं, इथेच निम्मी किटं मरतात

रेझिस्टरपासून सुरू करू. १ के म्हणजे तपकिरी-काळा-लाल, १० के म्हणजे तपकिरी-काळा-नारिंगी. फरक फक्त तिसऱ्या पट्ट्यात आणि रात्री ट्यूबलाइटखाली तो लाल आणि तो नारिंगी अगदी जुळे भाऊ दिसतात. माझं एक किट यातच गेलं होतं. एलईडीच्या जागी १० के आणि बेसच्या जागी १ के लागले, परिणाम काय तर दोन्ही एलईडी एकदम मंद, देव्हाऱ्यातल्या समईसारखे शांत पेटून राहिले, लुकलुक शून्य. पूर्ण संध्याकाळ मी ट्रान्झिस्टरला शिव्या घातल्या. तेव्हा डोळ्यांवर विश्वास नको, मीटर ओहमवर ठेवा आणि चारही मोजून दोन-दोनच्या जोड्या करून कागदावर सेलोटेपने चिकटवा. निळ्या अंगाचे रेझिस्टर असतील तर त्यावर पाच पट्टे असतात आणि वाचायचा हिशोब वेगळा, तिथे तर मीटरच बरा.

एलईडीचा लांब पाय प्लस. पाय कापलेले असतील तर कडेला बोट फिरवा, जिथे गोलाई सपाट झालीय तो मायनस.

कपॅसिटरच्या अंगावर एका बाजूने फिकट पट्टा असतो आणि त्यावर वजाबाकीची चिन्हं, तो पाय मायनस. उलटा लावला तर लगेच फटाका फुटेल अशी भीती बऱ्याच जणांना असते, इथे करंट इतका कमी आहे की शक्यतो तसं होत नाही, पण तो आतून गळायला लागतो आणि टायमिंगची वाट लागते. सुलटाच लावा.

आता ट्रान्झिस्टर. नेटवरच्या बहुतेक आकृत्या बीसी५४७ च्या असतात. त्याची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर (बेसला थोडा करंट दिला की कलेक्टरकडून एमिटरकडे वाट उघडते, असा हा स्विच). पण बऱ्याच चिनी किटात एस९०१३ किंवा एस८०५० येतात आणि त्यांचं बरोब्बर उलटं आहे, डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. दिसायला दोघं डिट्टो सारखे. त्यामुळे पहिलं काम म्हणजे सपाट बाजूवरचा नंबर वाचणं. अक्षरं इतकी बारीक असतात की मी मोबाइलच्या कॅमेऱ्यात झूम करून वाचतो. खाली मी बीसी५४७ धरून लिहितोय, तुमच्याकडे ९०१३ असेल तर सपाट बाजू पलीकडे तोंड करून टोचा, मग पायांचा क्रम आपोआप तोच येतो.

सर्किट तोंडी पाठ करा

आकृती न बघता सांगता आलं पाहिजे इतकं हे सोपं आहे. सारखे दोन भाग आहेत. प्रत्येक भागात प्लसकडून १ के, मग एलईडी, मग ट्रान्झिस्टरचा कलेक्टर. एमिटर थेट मायनसला. बेसला १० के मधून प्लस. झाले दोन भाग. आता दोघांना बांधायचं तर तिरकं बांधायचं, पहिल्याच्या कलेक्टरपासून एक कपॅसिटर दुसऱ्याच्या बेसला आणि दुसऱ्याच्या कलेक्टरपासून दुसरा कपॅसिटर पहिल्याच्या बेसला. दोन्ही कपॅसिटरचा प्लस कलेक्टरकडे. संपलं.

ब्रेडबोर्डवर, घर नंबरासकट

ब्रेडबोर्डवर पाच-पाच भोकांच्या ओळींना नंबर असतात, एका ओळीतली पाचही भोकं आतून जोडलेली. बाजूच्या लांब पट्ट्या प्लस-मायनससाठी. एक सावधगिरी, मोठ्या ब्रेडबोर्डवर या लांब पट्ट्या कधीकधी बरोबर मध्यावर तुटलेल्या असतात, वरची लाल रेघ तिथे खंडित दिसते. म्हणजे अर्ध्या पट्टीला करंट आणि अर्धी कोरडी. सगळं काम एकाच अर्ध्यात ठेवा.

पहिला ट्रान्झिस्टर १०, ११, १२ मध्ये टोचा, म्हणजे कलेक्टर १०, बेस ११, एमिटर १२. दुसरा १५, १६, १७ मध्ये. १२ आणि १७ वरून एकेक वायर मायनस पट्टीला. ११ वरून १० के प्लसला, १६ वरून १० के प्लसला.

पहिल्या एलईडीचा आखूड पाय १० मध्ये, लांब पाय ८ मध्ये, आणि ८ वरून १ के प्लसला. दुसऱ्याचा आखूड १५ मध्ये, लांब १३ मध्ये, १३ वरून १ के प्लसला.

आता कपॅसिटर. एकाचा प्लस १० मध्ये आणि मायनस १६ मध्ये. दुसऱ्याचा प्लस १५ मध्ये आणि मायनस ११ मध्ये. इथे पाय एकमेकांवरून जातात, ते एकमेकांना चिकटणार नाहीत असे थोडे वाकवून घ्या, एक उभा ठेवला आणि दुसरा आडवा झोपवला की सुटसुटीत बसतं.

बॅटरी लावायच्या आधी एकदा बोट ठेवून मोजा: १० मध्ये तीन पाय, ११ मध्ये तीन, १२ मध्ये दोन, १५ मध्ये तीन, १६ मध्ये तीन, १७ मध्ये दोन. ८ आणि १३ मध्ये दोन-दोन. आकडे जुळले तर बहुतेक वेळा पहिल्याच फटक्यात चालतं. टोपीची लाल वायर प्लसला, काळी मायनसला, आणि बॅटरीची उलटी बाजू टोपीला चुकून टेकवू नका, मुलं नेमकं हेच करतात.

लावली बॅटरी. टिक, टॉक. एकाआड एक.

हे लुकलुकतं कसं, मीटर लावून बघा

या वेगात मीटरला काही समजत नाही, तो आकडा दाखवेपर्यंत सर्किट पलटी मारून मोकळं. म्हणून बॅटरी काढा, दोन्ही ४७ चे कपॅसिटर काढून त्याजागी ४७० चे लावा. आता प्रत्येक एलईडी सुमारे तीन सेकंद पेटतो. आणि एक गोष्ट आता डोळ्यांना दिसते जी आधी निसटत होती, एलईडी पटकन पेटतो पण विझताना रेंगाळतो, हळूहळू मावळतो. का? कारण ट्रान्झिस्टर बंद झाला तरी कलेक्टरला लटकलेला कपॅसिटर परत भरायचा असतो आणि तो त्याच एलईडीतून भरतो. भरत आला की उजेड मावळतो.

आता मीटर २० व्होल्ट डीसीवर, काळी प्रोब मायनस पट्टीला, लाल प्रोब १६ नंबर ओळीत, म्हणजे दुसऱ्याच्या बेसवर. भाचीने आकडे मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शून्य पॉइंट सात. शून्य पॉइंट सात. मग एकदम उणे सहाच्या आसपास! मग उणे चार, उणे दोन, शून्य, पुन्हा पॉइंट सात आणि त्याच क्षणी दुसरा एलईडी पेटला.

“मामा, बॅटरीत मायनस सहा कुठंय? खालची पट्टी तर शून्य आहे ना, मग त्याच्या खाली कसं गेलं?”

हा प्रश्न पडला म्हणजे किटचे पैसे वसूल. उत्तर असं की कपॅसिटरच्या दोन पायांत जेवढं अंतर पडलंय, व्होल्टेजचं अंतर, ते तो एका झटक्यात बदलू देत नाही. विहिरीत सोडलेली शिडी धरा. वरचं टोक काठावर आहे, खालचं टोक पाण्याला टेकलंय. आता वरचं टोक कोणी सात पायऱ्या खाली ओढलं तर शिडी काही आखडत नाही, खालचं टोक सात पायऱ्या पाण्याखाली जातं. तसंच पहिला ट्रान्झिस्टर चालू झाला की त्याचा कलेक्टर सातेक व्होल्टवरून जवळजवळ शून्यावर येतो आणि कपॅसिटरचं दुसरं टोक, जे दुसऱ्याच्या बेसला आहे, ते पॉइंट सातवरून उणे सहाच्या घरात जातं. बेस मायनसमध्ये म्हणजे दुसरा ट्रान्झिस्टर ठप्प. मग १० के मधून हळूहळू करंट येत राहतो, बेस वर चढत जातो, पॉइंट सातला पोचला की दुसरा चालू होतो, त्याचा कलेक्टर खाली पडतो आणि आता पहिल्याचा बेस बुडतो. एकाने दुसऱ्याला बुडवायचं, तो वर आला की त्याने पहिल्याला. सुरुवात कोण करतं असंही तिने विचारलं, तर दोन ट्रान्झिस्टर कधीच शंभर टक्के सारखे नसतात, जो जरा उतावळा असेल तो.

किती वेळ बुडलेला राहणार ते ०.६९ गुणिले रेझिस्टर गुणिले कपॅसिटर. १० के आणि ४७ मायक्रोफॅरडला ०.३२ सेकंद येतं. घड्याळ लावून मोजलंत तर थोडा फरक दिसेल, एक तर एलईडी स्वतःच काही व्होल्ट खातो आणि दुसरं म्हणजे असे कपॅसिटर छापलेल्या आकड्यापेक्षा वीस टक्के इकडे-तिकडे असले तरी पासच समजतात.

हे उणे सहा लक्षात ठेवा अजून एका कारणासाठी. बीसी५४७ च्या डेटाशीटमध्ये बेस-एमिटरवर उलटं व्होल्टेज ६ च्या पुढे नको असं लिहिलंय. म्हणजे ९ व्होल्टवर आपण काठावरच खेळतोय, आणि ‘बाइकच्या बॅटरीवर लावू का’ असं कोणी विचारलं तर १२ व्होल्टला थेट नका लावू. मोबाइल चार्जरच्या ५ व्होल्टवर मात्र निवांत चालतं, फक्त लाल एलईडीला १ के च्या जागी ४७० ओहम टाका म्हणजे उजेड पडेल.

मुद्दाम बिघडवा

४७ चे कपॅसिटर परत लावा आणि आता दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा १० के काढून ४७ के टाका. टाकायच्या आधी अंदाज करायचा, कुठला एलईडी जास्त वेळ पेटेल? भाची म्हणाली दुसरा, बहुतेक सगळे तेच म्हणतात. पण ४७ के ने दुसरा ट्रान्झिस्टर जास्त वेळ बुडून राहतो, म्हणजे त्याचा एलईडी जास्त वेळ बंद, आणि पहिला दीड सेकंद ठणठणीत पेटलेला. हे एकदा हाताने केलं की सर्किट डोक्यात बसतं.

बेसचा रेझिस्टर कितीही वाढवता येत नाही. साधारण एलईडीच्या रेझिस्टरच्या शंभर पटीच्या आत राहा, म्हणजे १ के असेल तर १०० के पर्यंत. त्याच्या पुढे बेसला पुरेसा करंट मिळत नाही आणि ट्रान्झिस्टर धड उघडत नाही.

आता सोल्डर

२५ वॅटचं साधं आयर्न पुरे. कल्हईवाला भांड्याला डाख द्यायचा तेव्हा आधी भांडं तापवायचा, इथे पण तेच, तापवायचं ते पीसीबीचं पॅड आणि पार्टचा पाय, दोन्ही एकदम. टोक दोघांना टेकवा, एक-दोन सेकंद थांबा, मग सोल्डरची तार त्या जोडावर लावा, आयर्नच्या टोकावर नाही. वितळून पसरलं की आधी तार काढा, मग आयर्न. छोट्या डोंगरासारखं चकचकीत दिसलं पाहिजे. साबुदाण्यासारखा गोळा बसला असेल तर ते ड्राय सोल्डर, टीव्ही मेकॅनिकच्या तोंडून ऐकला असेल हा शब्द, वरून जोडलेलं दिसतं आणि आतून सुटं असतं. परत तापवा.

क्रम बुटक्यांपासून उंचांकडे: रेझिस्टर, ट्रान्झिस्टर, कपॅसिटर, शेवटी एलईडी. एलईडी आणि ट्रान्झिस्टरवर तीन सेकंदांच्या वर रेंगाळू नका. पीसीबीवर ट्रान्झिस्टरचा अर्धगोल छापलेला असतो, सपाट बाजू त्याच्याशी जुळवा, पण किटातला ट्रान्झिस्टर बदलून तुम्ही तुमच्याकडचा लावत असाल तर छापील खुणेवर जाऊ नका, पाय बघा. ६०/४० तारेत ६० भाग कथील आणि ४० भाग शिसं असतं म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे आणि मगच चकली. धूर निघतो तो मुख्यतः आतल्या राळेचा, तरी खिडकी उघडी ठेवा. आयर्न स्टँडवरच, मुलांना हे दहा वेळा सांगावं लागतं.

नाही चालत?

दोन्ही विझलेले: बॅटरी, टोपीची वायर, एलईडी उलटे, किंवा ती मध्येच तुटलेली पट्टी. या क्रमाने बघा.

एकच पेटून बसलाय, दुसरा मेलेला: विझलेल्याची बाजू तपासा. त्याच्या बेसचा १० के नीट बसलेला नसणार, नाहीतर तो ट्रान्झिस्टर उलटा आहे.

दोन्ही मंद, स्थिर: माझीच चूक, रेझिस्टरची अदलाबदल.

दोन्ही चांगले पेटलेत पण हलत नाहीत: कपॅसिटरचा एखादा पाय भोकात न बसता बाजूला वाकलाय. सगळं बरोबर असेल तर क्वचित दोघं एकदम उघडून अडकलेले असतात, मग एका वायरीने कुठल्याही एका बेसला क्षणभर मायनसला टेकवा, धक्का मिळाला की सुरू होतं.

आणि दोन्ही पेटलेत पण काहीतरी शंका येतेय, तर अंधार करून अख्खा ब्रेडबोर्ड हातात धरून झपकन हलवा. उजेडाची सलग रेघ दिसली तर खरंच स्थिर आहे. तुटक-तुटक रेघ दिसली तर लुकलुक चालू आहे, फक्त डोळ्यांपेक्षा फास्ट, म्हणजे कपॅसिटर चुकून फार छोटा लागलाय.

आमचा कंदील शेवटी ५ व्होल्टच्या चार्जरवर टांगला, कारण छोटी ९ व्होल्टची बॅटरी रात्रभर पुरवायची तर दर काही रात्रींनी नवीन आणावी लागेल. पीसीबी रिकाम्या टिकटॅकच्या डबीत बसवली, बाल्कनीत दव पडतं म्हणून. एका बाजूला तिने ४७ के ठेवायचा हट्ट केला, त्यामुळे कंदील एकसारखा लुकलुकत नाही, दीड सेकंद एक आणि मग चटकन दुसरा, समोरच्या बिल्डिंगमधले काका विचारून गेले की खराब झालाय का.